काचेतला माणूस

बगळ्याने हातातला वायपर अर्ध्या काचेवर थांबवला, अंग चोरून बाजूला झाला आणि काचेतल्या माणसाला अदबीने म्हणाला, "तुमचं होऊ द्या आधी."

पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला दाजी फडकं पिळत होता. ते अर्धं पिळलेलं तसंच त्याच्या हातात राहिलं.

"कोणाला म्हणतोयस?"

"ह्यांना." बगळ्याने हनुवटीने काच दाखवली. "ते पुसतायत की. एका काचेला दोन माणसं कशाला?"

काचेत बगळाच होता. लांबुडका, पांढऱ्या कपड्यातला, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्यानेही अंग चोरलं होतं आणि तोही दुसऱ्याचं व्हायची वाट बघत होता. दोघांच्या सभ्यपणात काच पुसायची राहिली होती, आणि खाली सोळा मजले होते.

एरवी दाजी हसला असता. त्याला हसायला फारसं लागायचं नाही. पण आज त्याने फडकं खाली ठेवलं. त्याने बगळ्याचे डोळे पाहिले. उघडे होते, पण आत कोणी राहत नसल्यासारखे.

दाजी म्हणजे बगळ्याच्या बहिणीचा नवरा. गेल्या वर्षी बायकोने लकडा लावून धाकट्या भावाला कामावर घ्यायला लावलं, तेव्हापासून बगळा 'दाजी, दाजी' करत मागे फिरायचा. त्याचं ऐकून अख्खी कंपनी दाजी म्हणायला लागली. मुकादमसुद्धा दाजीच म्हणायचा, आणि त्याची बहीण तर दाजीने कधी पाहिलीही नव्हती.

"तुमच्याच पाळण्यावर ठेवा हं त्याला," बायको तेव्हा म्हणाली होती. "दुसऱ्या कोणाबरोबर नको."

दाजीची छाती फुगली होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोने आपल्यावर इतका भरवसा टाकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पाळणा म्हणजे लोखंडी सांगाडा, दोन माणसं पाठीला पाठ घासून जेमतेम उभी राहतील एवढा रुंद. दोन टोकांना दोन मोटरी, आणि प्रत्येकाच्या हाताशी आपापलं बटण. दोघांनी एकदम दाबलं तर पाळणा सरळ खाली जातो. एकानेच दाबलं तर तो एका अंगाला कलतो. नवरा-बायकोने खाट उचलावी तसं असतं ते. भांडण झालं की पाय एकाचाच चेपतो.

बगळ्याची भानगड सुरू झाली लघवीपासून. सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटायची. पाळणा खाली आला की बगळा पट्टा न सोडताच पळत सुटायचा. परत वर गेला की दोन मजले उतरेपर्यंत पायावर पाय चढवून उभा. एकदा तो एका ऑफिसच्या खिडकीवर टकटक करून आतल्या बाईंना हाताने खुणा करत होता. बाईंना वाटलं आग लागली. सगळा मजला जिन्याने खाली उतरला आणि रस्त्यावर डोकी मोजत उभा राहिला. बगळा मात्र अजून वरच होता, अगदी रडवेला होऊन.

बहिणीने निदान केलं की अंगात उष्णता झालीये. मग रोज सकाळी ती त्याला तांब्याभर बार्लीचं पाणी पाजायला लागली. आजार लघवीचा आणि उपाय पाणी पिण्याचा. बगळा मुकाट प्यायचा आणि दाजीकडे असा बघायचा, की दाजीला त्याची दया यायची.

मग एक दिवस बगळ्याच्या हेल्मेटच्या अस्तरातून प्लास्टिकची चिमुकली पुडी पडली. आत पांढरी पूड होती.

"डोकेदुखीची आहे," बगळा म्हणाला.

"हेल्मेटमध्ये?"

"डोकं तिथेच असतं ना दाजी."

दाजीने त्याची मान धरली. तेव्हा बगळा खरं बोलला, आणि एवढ्या खुशीत बोलला की जणू सुट्टीतल्या गावाचं वर्णन करतोय. केटामाइन नाव आहे. डॉक्टर ऑपरेशनला भूल देतात ना, त्यातलं. घोड्यांनाही देतात. एका दोस्ताचा दोस्त आणून देतो. थोडंसं ओढलं की माणूस आपल्यापासून जरा लांब जाऊन बसतो. हात आपला असतो, पण शेजाऱ्याचा वाटतो. दुखत नाही, खुपत नाही, कसली आठवण येत नाही.

"आणि जास्त झालं तर?"

"तर मग जरा खोल जातो. विहिरीत बसल्यासारखं. वर लोक बोलतायत ते ऐकू येतं, पण आपल्याला तोंड उघडता येत नाही." बगळा हसला. "पण येतो परत. दर वेळी आलोय की नाही?"

दाजीने पुडी गटारात टाकली आणि त्याला शपथ घ्यायला लावली. बगळ्याने जराही आढेवेढे न घेता दाजीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमची शपथ दाजी. परत हात लावला तर तुमचं..." पुढचं तो भावनेच्या भरात बोललाच नाही.

दाजीने घरी काही सांगितलं नाही. आई गेल्यावर बायकोनेच बगळ्याला वाढवलं होतं. तिला कळलं तर ती अंथरूण धरेल, अशी त्याला धास्ती होती. मुकादमाला सांगावं तर बगळ्याची नोकरी जाईल. म्हणून त्याने आपल्या परीने बंदोबस्त केला. तो बगळ्यावर नजर ठेवायला लागला. बगळा जेवला का, झोपला का, नाक कशाने ओढतोय. साध्या सर्दीनेसुद्धा बगळ्याला शिंकायची सोय राहिली नाही.

सर्वात जास्त नजर हुकावर. अंगावरच्या पट्ट्यांची कडी पाठीवर असते, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला हात पोचत नाही. गच्चीवरून एक जाड दोर सोडलेला असतो, त्यावर सरकती पकड, पकडीला हातभर पट्टा आणि पट्ट्याला हुक. पाळणा दगा देवो, पाय घसरो, हुक कडीत असला की माणूस लटकतो, पडत नाही. हा हुक एकमेकांनी लावायचा. लावला की पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "बांधला." थाप बसली की विषय संपला. मागे वळून विचारणं म्हणजे जोडीदाराच्या तोंडावर तू खोटारडा आहेस म्हणण्यासारखं.

आज सकाळी बगळा गच्चीवरच्या संडासात बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि हसू जरा सैल झालं होतं.

"घेतलंयस का?" दाजीने विचारलं.

"तुमची शपथ, नाही."

खालून मुकादम वायरलेसवर ओरडत होता, की मोठे साहेब येणार आहेत, समोरची बाजू चकाचक पाहिजे. दाजीने बगळ्याच्या पाठीचा हुक लावला. ओढून पाहिला. परत ओढून पाहिला. पट्टे कसले, बकल चाचपलं, हेल्मेटच्या अस्तरात बोट घालून पाहिलं. बगळा लहान मुलासारखा हात वर करून उभा राहिला. मग दाजीने पाठ फिरवली. मागे थोडी खुडबुड झाली आणि पाठीवर थाप बसली.

"बांधला, दाजी."

आणि ते खाली उतरायला लागले होते.

आता बगळा काचेकडे बघत उभा होता. तोंड थोडं उघडं. काचेच्या आत लांबलचक टेबलाभोवती कसलीशी मीटिंग भरली होती. एक टायवाला उठून काचेजवळ आला आणि पुसायच्या राहिलेल्या भागावर बोटाने टकटक करून त्याने डाग दाखवला.

"बगळ्या," दाजी हळू आवाजात म्हणाला, "तिथेच बस खाली. कशाला हात लावू नकोस."

बगळा बसायला गेला. बसताना आधार म्हणून त्याने पुढे हात टाकला तो बटणाच्या डब्यावर, आणि अंगठा 'खाली' लिहिलेल्या बटणावर टेकला. मोटर घुरघुरली. बगळ्याचं टोक खाली जायला लागलं.

"सोड! बटण सोड!"

बगळ्याने मान वळवली. फार सावकाश वळवली. हाक त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला होता आणि आता उत्तर परत यायला वेळ लागत होता.

"कुठलं बटण?"

"अंगठ्याखालचं!"

"कोणाच्या?"

पाळणा कलला. साबणाचं पाणी दाजीच्या पायाखालून बगळ्याकडे वाहत गेलं. फडकी गेली, वायपर गेला, डब्याची पिशवी घरंगळत गेली. दाजीने दोन्ही हातांनी कठडा धरला. बगळ्याचा अंगठा बटणाचा डबा आणि कठड्याच्या मध्ये चेमटला होता. नखातून रक्ताची धार लागली होती, ती कोपरापर्यंत आली होती. बगळा त्या रक्ताकडे कुतूहलाने बघत होता, जणू शेजाऱ्याच्या घरातला पाइप गळतोय.

दाजीच्या मागे कठड्याला अडकवलेली बादली निसटली. डोळे मिटून दाजीने खालच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. झटका बसून दोरावरची पकड 'खट्ट' वाजली. त्याने डोळे उघडले.

बादली हवेत लटकत होती. तिच्या कडीत हुक होता, हुकाला पट्टा आणि पट्ट्याला लाल चिकटपट्टी. आपला पट्टा ओळखू यावा म्हणून ती लाल पट्टी दाजीनेच गुंडाळली होती.

पाठीवर हात न्यायची गरज नव्हती. नेला असता तरी पोचला नसता.

काही क्षण दाजीला काहीच ऐकू आलं नाही. वारा नाही, मोटर नाही. गच्चीपासून इथपर्यंत आपण वाकलोय, पालथे होऊन कोपरे पुसलेत, एकदा तर शिट्टी वाजवत कठड्यावर रेललोय, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेलं.  एक हात सोडून त्याने कमरेचा वायरलेस ओढून काढला.

"मुकादम, पाळणा तिरका झालाय."

"होतो कधीकधी," मुकादम म्हणाला. "सरळ करून घ्या. साहेब गेटवर आलेत."

मोटर घुरघुरतच होती. पाळणा इतका कलला की दाजीचे बूट पत्र्यावरून घसरायला लागले. आतला टायवाला आता हाताची घडी घालून उभा होता. दोन बायका मोबाइल काढून फोटो घेत होत्या.

"बगळ्या, अरे राजा, माझ्याकडे बघ."

बगळा बघेना. तो काचेतल्या माणसाकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. त्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं, पण ते तिकडे.

 डोक्यात काय आलं कोणास ठाऊक, पण दाजी आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाला, "बगळ्या, त्यांना जरा एक निरोप देशील?"

"कोणाला?"

"त्या आतल्यांना. म्हणावं, अंगठा उचला."

बगळ्याने मान डोलावली. काचेकडे झुकून म्हणाला, "अहो, आमचे दाजी म्हणतायत, अंगठा उचला."

दोघांनी अंगठा उचलला. आतल्यानेही आणि बाहेरच्यानेही. मोटर थांबली.

दाजीने आपल्या बाजूचं बटण दाबून हळूहळू आपलं टोक खाली आणलं. पाळणा सरळ झाला. उतरताना बादली त्याच्या खांद्याजवळून गेली. वाऱ्याने ती हातभर लांब झुलत होती. तिला धरायचं तर कठड्याबाहेर वाकायला हवं होतं, आणि वाकायचं तर पाठीला हुक हवा होता. दाजीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती मजेत होती.

मग ते उतरले. "म्हणावं, दाबा." "अहो, दाबा म्हणतायत." "म्हणावं, सोडा." "सोडा म्हणतायत हो." प्रत्येक मजल्यावर काच असेल तोवर ठीक. दोन मजल्यांमधे दगडी पट्टा आला की काचेतला माणूस नाहीसा व्हायचा, आणि बगळा कावराबावरा होऊन त्याला शोधायला उठू बघायचा. "येतील, येतील, खालच्या मजल्यावर गेलेत," दाजी म्हणायचा. त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

पाय जमिनीला लागले तेव्हा मुकादम धावत आला. त्याची नजर वर होती.

"दाजी! बादलीलासुद्धा दोर?" त्याने मोबाइल काढून लटकत्या बादलीचा फोटो घेतला. "साहेब, बघा. सेफ्टी म्हणतात ती ही. पडली असती तर कोणाच्या तरी टाळक्यात गेली असती."

साहेबांनी दाजीशी हात मिळवला. दाजीचा हात एवढा थरथरत होता की साहेबांचंही घड्याळ वाजायला लागलं.

तेवढ्यात बगळा भिंतीच्या आडोशाला गेला, आणि तिथून त्याची किंचाळी आली. भूल उतरली होती. तो पोट धरून वाकला होता आणि पायाशी भिंत लाल झाली होती.

दवाखान्यात बायको यांच्याआधीच पोचली होती. ती इस्त्रीच्या दुकानात काम करायची, तशीच आली होती, पदराला अजून गरम कपड्यांचा वास होता. बगळा येताजाता संडासाकडे पळत होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ह्या दोघांनाच आत बोलावलं.

"मूत्राशय आतून सोलवटलंय," त्या म्हणाल्या. "पिशवी आक्रसत चाललीये. म्हणून सारखं जावं लागतं, रक्त येतं. ह्या पुडीचंच काम आहे ते. आणि मेख अशी की दुखायला लागलं की ही मुलं तेच परत घेतात, कारण त्यानेच बधिर होतं. लगेच बंद केलं तर थोडंफार भरून येईल. नाहीतर पिशवी काढून टाकायची वेळ येते. त्याआधी कुठून पडून मेला नाही तर."

बायकोने पदराचं टोक तोंडात धरलं.

"कधीपासून घेतोय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दाजीने घसा साफ केला. बायकोसमोर हे सांगायचं त्याने महिनाभर टाळलं होतं. "तिला काही माहीत नाही डॉक्टर. मलाच कळलं होतं. महिना-दीड महिना झाला असेल."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"दोन वर्षं," बायको म्हणाली.

पेन थांबलं. दाजीने बायकोकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसली. समोर कोणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. संडासाच्या दाराआड नळ चालू होता.

"माझ्या दुकानात दोनदा पडला होता तो," बायको म्हणाली. "गरम इस्त्रीवर हात ठेवून उभा होता एकदा. कळलंच नाही त्याला. तेव्हा म्हटलं, तुमच्याजवळ असलेला बरा. तुमचं लक्ष असतं. तुम्ही त्याला पडू देणार नाही." तिने डोळे पुसले. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घेतला नसता."

  बायकोचा चेहरा एवढासा झाला होता. तिला रडताना बघायची दाजीला सवय नव्हती, म्हणून तो नेहमी करायचा तेच त्याने केलं. तो गंमत सांगायला लागला.

टायवाल्याने डाग कसा दाखवला. "अहो, आमचे दाजी म्हणतायत" कसं म्हणाला बगळा. मुकादमाने फोटो कसा काढला आणि साहेबांचं घड्याळ कसं वाजलं. त्याने हातवारे केले, आवाज काढले. शेजारच्या बाकावरची म्हातारी तोंडाला हात लावून हसायला लागली.

"आणि बादली!" दाजी म्हणाला. "सगळं सामान गेलं, पण बादली काय थाटात लटकत होती. अजून आहे बघ वर. उद्या कोणीतरी उतरवेल."

बायको हसली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली होती, एखाद्या कपड्याची घडी कुठे चुकली ते शोधताना पडायची तशी.

"वरून दोरच किती सोडता तुम्ही?" तिने विचारलं.

"दोन. माणशी एक."

"आणि तो बांधलेला होता?"

"त्याला मीच बांधलं होतं. दोनदोनदा ओढून पाहिलं."

संडासातला नळ बंद झाला. दाराची कडी वाजली. बायकोने दाजीची बाही घट्ट धरली.

"मग बादलीला कोणाचा होता?"

दाजीने बाहीकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे.

"कंपनीचा," तो म्हणाला.